दिवाळीची भेट : पैसा आणि पैशाची जाण

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या दिवसांत आपल्या घरांतून पैसा जितका फिरतो, तितका एरवी क्वचितच फिरत असेल. ओवाळणीची पाकिटे, लक्ष्मीपूजनाचे चांदीचे नाणे, पाडव्याचा दागिना, सुक्या मेव्याचे डबे असा देण्याघेण्याचा मोठा व्यवहार या चार-पाच दिवसांत होतो. व्यापारी घरांत वहीपूजनही याच सुमारास होते. हिशेबाची वही पूजेच्या पाटावर ठेवणारा आपला समाज. मात्र मुलाच्या हाती आलेले ओवाळणीचे पाकीट त्याच संध्याकाळी आईच्या कपाटात जाते आणि पुढे त्याचे काय झाले हे मुलाला कधीच समजत नाही. पैसा मिळतो, त्याची जाण मिळत नाही.

बँकेतील दीर्घ नोकरीनंतर माझे असे मत झाले आहे की, अर्थसाक्षरता व्याख्यानापेक्षा छोट्या व्यवहारांतून लवकर येते. म्हणून दिवाळीच्या भेटीत तीन गोष्टी असाव्यात. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ज्याला दिली त्याची असावी. तिच्याविषयीचा एखादा तरी निर्णय त्याने स्वतः घ्यावा. आणि देणाऱ्याने त्याच्याजवळ तासभर बसावे. वयोमानानुसार अशा काही भेटी सुचवितो.

पाच ते नऊ वर्षे : नाण्यांचा डबा

आजच्या लहान मुलाने पैसा पाहिलेलाच नसतो. दुकानात आई फोन पुढे धरते, आवाज होतो आणि वस्तू पिशवीत येते. फोनमधून काही कमी झाले, हे त्याला दिसत नाही. अशा मुलाला शंभर रुपये दहा-दहाच्या नाण्यांत द्यावेत आणि सोबत तीन पारदर्शक बरण्या द्याव्यात : खर्च, साठवण आणि दान. कोणत्या बरणीत किती नाणी टाकायची, हे त्याने ठरवावे. सगळी नाणी एका दिवसात खाऊवर संपली तरी रागावू नये. मात्र पुढच्या महिन्यापर्यंत बरणी पुन्हा भरूही नये. रिकामी बरणी जे शिकविते, ते आपण सांगून शिकवू शकत नाही.

मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल तर सुकन्या समृद्धी खाते ही उत्तम भेट आहे. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये त्यात भरता येतात. भरणा १५ वर्षे करावयाचा आणि खात्याची मुदत २१ वर्षांची. आजी-आजोबांनी रक्कम अवश्य द्यावी, पण खाते आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकांनीच उघडावे लागते. दर दिवाळीला पासबुकातील शिल्लक मुलीनेच वाचावी आणि एका वहीत स्वतःच्या अक्षरात लिहावी. अन्यथा ती केवळ पालकांची गुंतवणूक ठरेल.

दहा ते सतरा वर्षे : स्वतःचे खाते

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये जारी केलेल्या सूचनांनुसार, दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बचत व मुदत ठेवीचे खाते स्वतः उघडू व चालवू देण्याची मुभा बँकांना आहे. रकमेची मर्यादा प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरविते. या खात्यात उचल मिळत नाही, त्यामुळे कर्जाची भीती नाही. मुलाला शाखेत घेऊन जावे, फॉर्म त्यालाच भरू द्यावा, सही त्याचीच असावी.

याच्या जोडीला दरमहा ५०० रुपयांची एक वर्षाची आवर्ती ठेव द्यावी. साडेसहा टक्के दर धरला तर वर्षअखेर ६,००० रुपयांवर व्याजाचे दोनशे-सव्वादोनशे रुपये मिळतील. मुलगा म्हणेल, एवढेच? तेव्हा त्याला ७२चा नियम सांगावा : ७२ या संख्येला व्याजदराने भागले की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते समजते. ७.२ टक्के दराने दहाव्या वर्षी ठेवलेले १०,००० रुपये विसाव्या वर्षी २०,००० आणि तिसाव्या वर्षी ४०,००० होतात. हाच नियम उलट दिशेनेही चालतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा ३ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ टक्के आकारले, तर देणे दोन वर्षांतच दुप्पट होते. महागाई ६ टक्के राहिली तर बारा वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती निम्मी होते. एवढे गणित सातवीतल्या मुलाला सहज समजते.

पहिली नोकरी लागलेल्यांसाठी

नवा फोन ते स्वतः घेतीलच. आपण आरोग्य विम्याचा पहिला हप्ता भरावा आणि पॉलिसीतील प्रतीक्षा काळ व वगळलेले आजार सोबत बसून वाचावेत. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो. तो काढून घेण्यास शिकवावे.

वाचनाची आवड असेल तर बनारसीदास यांचे ‘अर्धकथानक’ भेट द्यावे. आग्र्याच्या या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये लिहिलेले हे पद्य आत्मचरित्र हिंदी व इंग्रजी अनुवादांतही वाचता येते. व्यापारात आलेली खोट त्यांनी मोकळेपणाने नोंदविली आहे. हाती काही नसताना कचोरीवाल्याला आपली स्थिती सांगून ते काही महिने उधारीवर जेवले, हा प्रसंग तर कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

पाडवा आणि भाऊबीज : तिच्या नावाने

दागिना द्यायचा तर जरूर द्यावा, पण पावतीसह. घडणावळ शेकडा १२ आणि त्यावर वस्तू व सेवा कर शेकडा ३ धरला, तर १०,००० रुपयांच्या दागिन्यात सोने सुमारे ८,६७० रुपयांचेच असते. दागिन्यावरील हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो.

याहून मोलाची भेट म्हणजे एक साधी फाईल. बँक खाती, ठेवी, विमा, लॉकर, कर्जे यांची यादी आणि प्रत्येकापुढे वारसनोंद आहे की नाही, हे त्यात लिहावे. पतीच्या निधनानंतर पावत्यांची पिशवी घेऊन शाखेत आलेल्या भगिनी मी पाहिल्या आहेत. कोणत्या बँकेत काय आहे हेच त्यांना ठाऊक नसे. शोकाच्या दिवसांत त्यांना वारस दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागत. एका सहीने ते टळले असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवखात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा वाटाही ठरविता येतो. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. म्हणून मृत्युपत्रही करावे. जुन्या विस्मृत ठेवींचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर घेता येतो.

ज्येष्ठांसाठी : सावधपणाची शिदोरी

आई-वडिलांना शालीबरोबर तुमचा एक तास द्यावा. रिझर्व्ह बँकेची ‘राजू आणि चाळीस चोर’ ही फसवणुकीचे चाळीस प्रकार सचित्र सांगणारी पुस्तिका तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. ती मोठ्या अक्षरांत छापून द्यावी. १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक फोनजवळ चिकटवावा. ‘डिजिटल अरेस्ट’ असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्यावे. एका बँकेतील ठेवींना विमा संरक्षण प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंतच असते. सर्व पुंजी एकाच ठिकाणी असेल तर तिची विभागणीही याच बैठकीत करावी.

कराविषयी थोडेसे

आयकर कायद्यात नमूद केलेल्या जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही. इतरांकडून वर्षभरात एकूण ५० हजारांहून अधिक रक्कम मिळाल्यास ती सर्व करपात्र ठरते. पत्नीला दिलेल्या रकमेवरील व्याज पतीच्या, तर अल्पवयीन मुलाच्या ठेवीवरील व्याज सामान्यतः अधिक उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नात मिळविले जाते.

या सर्व भेटी एकाच वर्षी देण्याची आवश्यकता नाही. घरातील एका व्यक्तीसाठी एक भेट निवडावी आणि पुढच्या दिवाळीला फराळ झाल्यावर बरणी, पासबुक किंवा फाईल घेऊन दोघांनी पुन्हा बसावे. वाचकांना दीपोत्सवाच्या आणि नव्या वहीच्या हार्दिक शुभेच्छा.