श्रेयाची नोंद कामाबरोबरच हवी

सांगलीच्या विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय (स्थापना १९१९) आणि वालचंद अभियांत्रिकी (१९४७) एकाच परिसरात आहेत. जिवाणूंच्या डीएनएत नवी रचना घालून त्यांच्याकडून हवे ते काम करून घेणाऱ्या संश्लेषी जीवशास्त्राला विज्ञान आणि अभियांत्रिकी दोन्ही लागतात, म्हणून अशा शेजारी महाविद्यालयांना त्यासाठी एकत्र संघ उभारता येईल. एमआयटीतल्या २००३च्या अभ्यासक्रमातून वाढलेल्या ‘आयजेम’ या संश्लेषी जीवशास्त्राच्या स्पर्धेत पुण्याच्या आयसर आणि मुंबईच्या आयसीटी या संस्थांचे विद्यार्थी उतरले आहेत. तिथे पदक हवे असेल, तर कोणी काय केले हे संघाला जाहीर करावे लागते. हा नियम योग्यच आहे, कारण प्रयोगशाळेत पिपेट धरणारा सर्वांना दिसतो. गणिती प्रारूप मांडणारा, निधी मिळवणारा, सुरक्षेचे अर्ज भरणारा मात्र दिसत नाही.

यावर आक्षेप असा, की नोंदी ठेवल्या की मैत्रीत हिशेब शिरतो. त्यापेक्षा सर्वांना समान श्रेय द्यावे. पण तंटे होतात ते नोंदी नसल्यामुळे. वर्षअखेरीस आठवून लिहायला बसले, की बोलक्याचेच काम आठवते. संघाचे यश सर्वांचेच असावे, काम मात्र ज्याचे त्याच्या नावावर लिहावे. शोधनिबंधांसाठीच्या ‘क्रेडिट’ पद्धतीत योगदानाच्या १४ भूमिका याचसाठी आहेत. नोंद फसलेल्या कामाचीही हवी: डीएनए तपासताना जेलवर अपेक्षित पट्टा उमटला नाही, तरी तारीख, वापरलेले प्रायमर, तापमान आणि करणाऱ्याचे नाव वहीत हवे. तीच चूक पुन्हा करण्यापासून पुढचा विद्यार्थी त्यामुळे वाचतो, म्हणून फसलेला प्रयोगही श्रेयाला पात्र ठरतो.