पटाची जोडी आणि न घेतलेला नमुना

धान कापून, मळून घरात आलं की भंडारा जिल्ह्यात पाहुण्यांचा मोसम सुरू होतो. दिवाळीनंतर मंडईची जत्रा, मंडईमागून शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. लाखनी, साकोली, लाखांदूरकडे पट भरला की लेकी माहेरी येतात, सोयरिकींची बोलणी निघतात, दिवसा जोड्या धावतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक उजाडेपर्यंत चालतं. या सगळ्या थाटाचा नवरदेव म्हणजे पटाचा बैल. तो शेतात राबणाऱ्या बैलासारखा राबत नाही. त्याचा खुराक वेगळा, मालिश वेगळी, आणि घरच्या पोरांना आठवड्यातून एकदा मिळेल ते त्याला रोज मिळतं.

त्या खुराकापाशीच एक जुनी कुजबूज आहे. एखादी जोडी अनपेक्षितपणे सुसाट सुटली की हरलेल्यांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणतंच, ‘काहीतरी पाजलं असन गा!’ पाजलं होतं की नव्हतं, हे त्या दिवशी ठरत नाही. पुढेही ठरत नाही.

कायद्याने ही कुजबूज फार आधी ऐकली होती. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६०च्या कायद्यात, अकराव्या कलमात, जनावराला जाणूनबुजून अपायकारक औषध देणं हा गुन्हा आहे. २००१मध्ये खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. उपचाराची भूल सोडता गुंगीची औषधं, स्टेरॉइड किंवा ताकद कृत्रिमपणे वाढवणारं काहीही देऊ नये, असं त्यांत लिहिलेलं आहे. म्हणजे कागदावर मनाई होती, तपासणी नव्हती. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्येही स्टेरॉइडची तपासणी सुरू व्हायला २००३ साल उजाडावं लागलं.

जुलै २०११मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंहाच्या पंक्तीत बैलालाही बसवलं. या प्राण्यांकडून खेळ करून घ्यायचे नाहीत, असा हुकूम. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यती एकाच निकालाने थांबवल्या. न्यायालयापुढे आलेल्या अहवालांत बैलाला दारूसारखं काही पाजण्याचे, डोळ्यांत झोंबणारे पदार्थ चोळण्याचे उल्लेख होते. ती निरीक्षणं मुख्यतः जल्लिकट्टूची. बंदी मात्र वैनगंगेकाठच्या पटालाही लागली. आपल्या बैलाची लघवी कुणी तपासली नाही आणि शिक्षा मात्र झाली, ही पटवाल्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. पण त्यांच्या बाजूने दाखवायलाही काही नव्हतं, हेही तितकंच खरं.

२०१७मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. धाव एक हजार मीटरपेक्षा जास्त नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्यकाने जनावर तपासलेलं हवं. मारझोड, विजेचा धक्का आणि उत्तेजक औषधांना मनाई. नियम मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना अटकाव केला आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला गेलं. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट परत आला. कुजबूजही परत आली.

कारण सोपं आहे. छातीला स्टेथोस्कोप लावून रक्तातलं औषध सापडत नाही. पशुवैद्यक खूर पाहील, श्वास पाहील, लंगडणारा बैल बाजूला काढील. वेदनाशामक टोचल्यामुळे न लंगडणारा बैल त्याला कसा दिसावा? आणि खरा धोका त्याच बैलाला असतो, कारण थांब म्हणून सांगणारं दुखणंच मुकं केलेलं असतं.

बेसबॉलची गोष्ट इथे आठवते ती याचसाठी. जून १९९१मध्ये तिथले आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी सगळ्या संघांना पत्र धाडलं, की स्टेरॉइड चालणार नाहीत. पत्र फाइलला लागलं. तपासायचं कसं, याचा करार खेळाडूंच्या संघटनेशी झालेलाच नव्हता. १९९८मध्ये मार्क मॅग्वायरने एका मोसमात ७० होम रन मारून ३७ वर्षं टिकलेला ६१चा विक्रम मोडला. त्याच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली एका पत्रकाराला दिसली. त्या वेळी बेसबॉलमध्ये ते औषध निषिद्धही नव्हतं. पुष्कळ लोक चिडले ते पत्रकारावरच. तीन वर्षांत बॅरी बाँड्सने ७३ मारले. १३ डिसेंबर २००७ रोजी माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा अहवाल आला, त्यात ८९ खेळाडूंची नावं होती. स्टेरॉइड घेतल्याची कबुली मॅग्वायरने दिली ती २०१०मध्ये. त्या काळात काहीही न घेता खेळलेले खेळाडू किती आणि कोण, हे आज कुणाला वेगळं काढता येत नाही.

आपल्याकडे माणसांच्या बाबतीत एवढा उशीर लागला नाही. ३० जुलै २०१९ रोजी क्रिकेट मंडळाने मुंबईच्या पृथ्वी शॉवर आठ महिन्यांची बंदी जाहीर केली. इंदूरला २२ फेब्रुवारीला दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटलिन सापडलं होतं, खोकल्याच्या औषधात असतं ते. त्याच दिवशी जाहीर झालेल्या नावांत विदर्भाचा अक्षय दुल्लरवारही होता. नागपूर-भंडाऱ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर उत्तेजकांची चर्चा पहिल्यांदा घरची झाली असेल तर ती तेव्हा. पंधरा दिवसही गेले नाहीत तोच, वर्षानुवर्षं नाही म्हणणाऱ्या मंडळाने नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, तपासणी मान्य केली.

बैलाला ठाऊक असलेला नाडा एकच, मोटेचा. त्याच्यासाठी दुसरा नाही. २०२२चा उत्तेजकविरोधी कायदाही माणसांपुरता. पटाचा बैल ना तक्रार करतो, ना कबुली देतो, ना आठ महिने घरी बसवल्याचं दुःख मानतो. तेव्हा शिक्षेची भाषा त्याच्या बाबतीत लागूच होत नाही. लागू होतो तो फक्त नमुना.

आणि बेसबॉलकडून घ्यायचं ते नेमकं हेच. २००३मध्ये त्यांनी आधी कुणालाच पकडलं नाही. शिक्षा नाही, नावं जाहीर करायची नाहीत, नुसती मोजणी करायची, असं ठरवून १,४३८ चाचण्या घेतल्या. पाच ते सात टक्क्यांत औषध सापडलं. ठरलेली पाच टक्क्यांची रेघ ओलांडली गेली, म्हणून २००४पासून दंडाची कलमं लागू झाली. पुढे त्या यादीतली काही नावं फुटली, ही त्यांची चूक. ती आपल्याला टाळता येईल.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पशुविज्ञानाचं अख्खं विद्यापीठ आहे. जिल्ह्यातल्या पट समित्यांनी एका मोसमापुरतं एवढंच करावं: पहिल्या तीन जोड्यांच्या लघवीचे नमुने घ्यावेत, बाटलीवर मालकाचं नाव न लिहिता आकडा लिहावा, कुणालाही दंड करू नये, आणि किती नमुन्यांत काय सापडलं ते पुढच्या वर्षीच्या पटाच्या पत्रकावर छापावं. बक्षिसांच्या यादीखाली एक ओळ पुरेल.