टर्बो गाडीसाठी ट्यून निवडताना

सिलिंडरमध्ये किती हवा जावी, तिच्यात किती पेट्रोल फवारावे आणि ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडावी, हे आजच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो. त्याच्या मेमरीत शेकडो तक्ते असतात: इतके आरपीएम, इतका भार, इतके तापमान असेल तर इतका दाब, इतके इंधन. हे तक्ते बदलून इंजिनाचे वागणे बदलणे म्हणजे ट्यूनिंग किंवा रिमॅप. टर्बो नसलेल्या इंजिनात यातून फारसे हाती लागत नाही, कारण पिस्टन ओढेल तेवढीच हवा आत येते. टर्बोमध्ये मात्र हवा दाबून भरली जाते आणि तो दाब, म्हणजे बूस्ट, किती ठेवायचा हे ईसीयूच्या हुकमावर चालते. त्यामुळे एकही पार्ट न बदलता टर्बो गाडीची ताकद पाव ते एक तृतीयांशाने वाढू शकते.

फोक्सवॅगन समूहाचे १,९८४ सीसीचे ईए८८८ इंजिन हे याचे ठळक उदाहरण. गोल्फ जीटीआयपासून ऑडीपर्यंत अनेक गाड्यांत ते बसले आणि २०१७ साली भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्येही तेच होते: २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. याच इंजिनातून फक्त सॉफ्टवेअर बदलून, चांगल्या पेट्रोलवर, ३०० अश्वशक्तीच्या आसपास आणि ४०० न्यूटन-मीटरहून जास्त टॉर्क काढणाऱ्या ट्यून जगभर विकल्या जातात. मग ही ताकद कंपनीने आधीच का दिली नाही? कारण कंपनीला एकच इंजिन वाळवंटात आणि बर्फात, उत्तम आणि सुमार पेट्रोलवर, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करणाऱ्याच्या आणि टाळाटाळ करणाऱ्याच्याही हातात, वॉरंटी देऊन चालवायचे असते. त्यासाठी राखलेली जागा म्हणजेच ट्यूनरला मिळणारी जादा अश्वशक्ती. ती वापरली की इंजिन सांभाळण्याची तेवढी जबाबदारी मालकाकडे येते. ट्यून निवडताना म्हणूनच ‘किती वाढेल’ यापेक्षा ‘कोणत्या परिस्थितीत टिकेल’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

टिकण्याचा प्रश्न मुख्यतः नॉकिंगभोवती फिरतो. ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरभर क्रमाने पसरत गेली पाहिजे. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. त्यातून उठणारी धक्क्याची लाट पिस्टनच्या कडा आणि रिंगांमधल्या पट्ट्या तोडू शकते. इंजिन ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर हे कंपन ओळखतो आणि ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी काही अंशांनी उशिरा पाडतो. त्यामुळे हलक्या पेट्रोलवर जहाल ट्यून टाकली तरी गाडी सहसा लगेच मोडत नाही. ती ठिणगी मागे ओढत राहते, एक्झॉस्ट जास्त तापतो आणि विकत घेतलेली ताकद चाकांपर्यंत येतच नाही. अशा गाडीला सौम्य ट्यून टाकली तर ती प्रत्यक्षात जास्त वेगाने पळू शकते.

पेट्रोलची नॉकिंग सोसण्याची क्षमता ऑक्टेन आकड्यात सांगतात, आणि इथे अनेकांची फसगत होते. भारतात आणि युरोपात पंपावरचा आकडा ‘रॉन’ पद्धतीचा असतो. अमेरिकेत मात्र रॉन आणि ‘मॉन’ या दोन पद्धतींची सरासरी लिहितात, आणि ती त्याच पेट्रोलच्या रॉनपेक्षा चार-पाच अंकांनी कमी येते. अमेरिकी ट्यूनरची ‘९१’ची ट्यून-फाइल आपल्याकडच्या ९१ ऑक्टेनसाठी नसून साधारण ९५-९६ रॉनसाठी असते. ‘९३’ची फाइल तर जवळपास ९८ रॉन मागते. बीएस-६ मानकानुसार साध्या पेट्रोलचे किमान ऑक्टेन ९१ रॉन ठरले आणि प्रीमियमचे ९५. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० आणले, पण ते निवडक शहरांतल्या निवडक पंपांवरच मिळते. पुण्यात राहणाऱ्याला ते दर आठवड्याला मिळेल, पण तीच गाडी कोकणात उतरली की वाटेतल्या पंपावर जे असेल तेच भरावे लागते. म्हणून नेहमी खात्रीने मिळणाऱ्या पेट्रोलवरची ट्यून घ्यावी, किंवा दोन-तीन ऑक्टेनचे वेगवेगळे मॅप मालकाला स्वतः बदलता येतील अशी सोय देणारा ट्यूनर गाठावा. इथेनॉलचीही दखल घ्यावी लागते. ते नॉकिंग रोखते आणि मिश्रण थंड करते, पण त्याच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेला जास्त इंधन फवारावे लागते. इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप आधीच कड गाठत असतील, तर हा जादा भार नेमका पूर्ण ॲक्सिलरेटरवर आडवा येतो.

हवामानाचा हिशेब तितकाच खरा आहे. टर्बो हवा दाबताना तापवतो आणि इंटरकूलर ती थंड करतो. थंड देशात तयार झालेली फाइल नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या हवेत, ट्रॅफिकमध्ये तापलेल्या इंटरकूलरवर तशीच वागेल अशी अपेक्षा धरू नये. उंचीचेही तसेच. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. ईसीयू ठरलेला एकूण दाब गाठायला पाहतो, त्यामुळे घाट चढताना टर्बोला जास्त गरगरावे लागते. मूळ छोटा टर्बो आधीच क्षमतेच्या टोकाशी नेऊन ठेवला असेल, तर अशा ठिकाणी तो हवा कमी देतो आणि उष्णता जास्त.

जाहिरातीत कमाल अश्वशक्ती लिहिलेली असते, पण इंजिनाचे आयुष्य टॉर्कच्या आलेखाच्या आकारावर जास्त अवलंबून असते. २,००० आरपीएमलाच सगळा टॉर्क ओतणारी ट्यून पहिल्या फेरीत भन्नाट पिकअप देते आणि मालक तिथेच खूश होतो. कनेक्टिंग रॉडवर सर्वाधिक ताण मात्र त्याच पट्ट्यात येतो. शिवाय डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएम आणि जड भार एकत्र आले की ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटण्याचा प्रकार घडतो. नॉक सेन्सरने ठिणगी मागे घेऊन तो थांबत नाही, कारण पेटायला ठिणगीची वाटच पाहिलेली नसते. असा एखादाच स्फोट पिस्टन फोडू शकतो. २०२० साली आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलसाठी या प्रकाराची वेगळी चाचणी आहे, हे ऑइल निवडताना पाहावे. टॉर्क ३,००० आरपीएमपर्यंत सावकाश चढवणारी ट्यून कागदावर फिकी दिसली तरी रोजच्या गाडीसाठी तीच चांगली.

गिअरबॉक्सही आधी तपासावा लागतो. ऑक्टाव्हिया आरएसमधल्या सहा गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची अधिकृत टॉर्क मर्यादा ३५० न्यूटन-मीटर होती. म्हणजे कंपनीचे इंजिन आधीच त्या रेषेवर उभे होते. प्रत्यक्षात हा गिअरबॉक्स त्याहून जास्त सोसतो, पण त्याचा स्वतःचा संगणक टॉर्क छाटतो. म्हणून इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचीही ट्यून घ्यावी लागते, आणि तो खर्च दर विचारतानाच धरावा. मॅन्युअल गाडीत मूळ क्लच घसरू लागतो.

बाजारात तीन तऱ्हा दिसतात. ट्यूनिंग कंपनीने अनेक गाड्यांवर घासून तयार केलेली रेडीमेड फाइल, एकाच गाडीसाठी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर केलेली कस्टम ट्यून आणि बूस्ट सेन्सरच्या वायरमध्ये लावायचा पिगीबॅक बॉक्स. हा बॉक्स ईसीयूला खरा दाब कमी भासवतो आणि ईसीयू तो वाढवतो. संगणकाला चुकीची माहिती देऊन काम करून घेण्याचा हा मार्ग सर्वांत कच्चा आहे. मूळ पार्ट असलेल्या गाडीला नामांकित ट्यूनरची रेडीमेड फाइल पुरते; इंटरकूलर, टर्बो किंवा इंजेक्टर बदलले असतील तर कस्टमशिवाय पर्याय नाही. ‘स्टेज वन’ म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, ‘स्टेज टू’ म्हणजे सहसा मोकळा डाउनपाइप आणि मोठा इंटरकूलरही, असा सर्वसाधारण अर्थ असला तरी त्याचे कोणतेही अधिकृत मानक नाही. त्यात काय काय येते याची यादी मागून घ्यावी.

डायनोचा आलेख पुरावा म्हणून दाखवला जातो, पण दोन वेगळ्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, ट्यूनआधी आणि नंतर काढलेला आलेखच उपयोगी. त्याहून बोलका असतो डेटा लॉग. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ६,५०० आरपीएमपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे गेली, आत येणारी हवा किती तापली, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट जुळतो का, इंधनाचा दाब टिकतो का, हे सगळे आकड्यांत उतरते. अधूनमधून दोन-तीन अंश मागे जाणे चालते. एकाच सिलिंडरला सतत सहा-सात अंश मागे यावे लागत असेल, तर ती फाइल त्या पेट्रोलवर त्या गाडीची नव्हे. इंधनाचा दाब वरच्या आरपीएमला ढासळत असेल तर मिश्रण सर्वाधिक उष्णतेच्या क्षणी कोरडे पडते, आणि हे सर्वांत धोकादायक. लॉग मागितल्यावर जो ट्यूनर टाळाटाळ करतो, त्याच्या हाती गाडी देऊ नये.

ट्यूनआधी प्लग, कॉइल, बूस्टची गळती आणि कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, कारण दुबळे इंजिन ट्यूनमुळे सुधारत नाही. वॉरंटीबद्दलही भ्रम नको. फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत बदललेले सॉफ्टवेअर सापडले की त्या गाडीच्या नोंदीवर ‘टीडी१’ हा शिक्का बसतो, आणि मूळ फाइल परत टाकली तरी ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची मोजणी मागे उरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीच्या नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असे फेरफार करण्यावर बंधन घातले आहे. विमा कंपनीला बदल न कळवल्यास दावा अडकू शकतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणारी ट्यून प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही. ट्यून झाल्यावर ऑइल आणि प्लग लवकर बदलावेत, मूळ फाइलची प्रत स्वतःकडे ठेवावी आणि थंडीत ट्यून केली असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात तोच लॉग पुन्हा काढून ट्यूनरला दाखवावा.