पामचं बी रुजवताना: भेरली माड आणि चार महिन्यांची वाट

ज्यांचं ऐकायचं राहून गेलं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतेय. विषय आहे, शोभेचा पाम बियांपासून कसा वाढवायचा. नर्सरीत तयार रोप मिळतं, मग एवढी खटपट कशाला? माझ्याकडे कारण होतं.

रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या आजोळी गोठ्यामागे एक भेरली माड आहे. शहरातल्या बागांमध्ये यालाच फिशटेल पाम म्हणतात, कारण पानाचे तुकडे माशाच्या शेपटीसारखे कातरलेले असतात. हा माड कुणी लावला नाही, आपोआप उगवला. माझ्या बारशाच्या फोटोत तो गुडघ्याएवढा दिसतो. म्हणजे आम्ही दोघं जवळपास एका वयाचे.

पण या झाडाचं नारळासारखं नसतं. बरीच वर्षं ते नुसतं वाढतं. मग शेंड्याजवळ पहिला फुलोरा येतो, पुढचा त्याच्या खाली, असं करत करत खोडावरून खाली उतरतं. सगळ्यात खालचा घोस पिकला की झाडाचं आयुष्य संपतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये मामाचा फोन आला, "अगं, शेवटचा घोस पिकायला लागलाय. पावसाळ्यानंतर माड तोडायलाच लागेल, नाहीतर गोठ्यावर पडायचा. बिया हव्या असतील तर ये."

मी एप्रिलमध्ये गेले. आता कामाच्या गोष्टी एकेक करून सांगते.

पहिली गोष्ट, बी ताजं हवं. मी आधी एकदा पामच्या बिया ऑनलाइन मागवल्या होत्या. खडखडीत वाळलेल्या आल्या, एकही उगवली नाही. आपल्याला मेथी-धण्याची सवय असते, डब्यात ठेवलं तरी वर्षाने उगवतं. अनेक पामचं तसं नाही. बी पूर्ण वाळलं की आतला अंकुर मरतो. म्हणून झाडावर पूर्ण पिकलेलं फळ घ्या आणि लवकर लावा.

दुसरी, गर पूर्ण काढा. गरामुळे रुजणं लांबतं आणि बुरशीही धरते. जंगलात हे काम उदमांजर करतं. ते फळं खातं आणि स्वच्छ बिया विष्ठेतून टाकतं. आमचा माडही बहुधा तसाच आला असणार. पण भेरली माडाच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, हाताला भयंकर खाज सुटते. हातमोजे घालाच. मी "काय होतंय" म्हणून चार फळं उघड्या हाताने सोलली आणि रात्रभर हात खाजवत बसले. मामी म्हणाली, "इंजिनियर ना गं तू?"

तिसरी, बिया दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. मग कोकोपीट आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घेऊन बी जेमतेम झाकेल एवढंच खोल लावा. माती ओलसर हवी, चिखल नको. ऊब महत्त्वाची, साधारण 25 ते 35 अंश. म्हणूनच पुण्यात उन्हाळ्याच्या तोंडावर लावणं बरं, थंडीत बी नुसतं पडून राहतं. कुंडीवर तारीख लिहा.

आणि चौथी गोष्ट म्हणजे थांबणं. इथे मी सपशेल आपटले. आम्हा कोडवाल्यांना सवय असते, दर पाच मिनिटांनी रिफ्रेश करून बघायचं. मी दर रविवारी बी उकरून बघत होते. जूनच्या शेवटी एका बीतून पांढरा कोंब खाली जाताना दिसला. मला वाटलं, मूळ आलं! नीट बघायला उचललं आणि ते तुटलं.

नंतर वाचल्यावर कळलं की ते मूळ नव्हतंच. काही पाममध्ये, भेरली माडातही, बीतून आधी एक नळीसारखा भाग जमिनीत उतरतो. त्याच्या टोकाशी रोप असतं. तिथून मूळ खाली जातं आणि पान वर येतं, बीपासून थोडं अंतर सोडून. बी मागे राहून साठवलेलं अन्न त्या नळीतून पुरवत असतं. म्हणजे वरून काहीच दिसत नसताना खाली सगळं काम चालू असतं. म्हणून कुंडी खोल घ्या, उकरू नका, आणि रोप आल्यावरही बी तोडून टाकू नका.

त्यानंतर मी कुंड्यांना हात लावला नाही, फक्त पाणी दिलं. ऑगस्टमध्ये पहिलं पान आलं, मधोमध दुभंगलेलं, इवलीशी माशाची शेपटीच. 30 बियांपैकी 11 उगवल्या. रोपं सध्या गच्चीत अर्ध्या सावलीत आहेत.

दिवाळीच्या आधी मामाने माड तोडला. फोनवर म्हणाला, "गोठ्यामागे एकदम उजेड आलाय गं, बरं नाही वाटत." या पावसाळ्यात सगळ्यात दणकट रोप तिकडे घेऊन जाणार आहे. या वेळी गोठ्यापासून जरा लांब लावू.

तुमच्या सोसायटीत एखादा पाम फळाला आला असेल, तर वॉचमनकाकांना विचारून चार पिकलेली फळं उचला आणि करून बघा. भेटूया पुढच्या भागात!