ऊस, कारखाना आणि पंचवीस किलोमीटर

तोडलेला ऊस थांबत नाही. कोयता लागला की त्याचे वजन घटू लागते, साखर उतरू लागते. दिवसभरात तो गव्हाणीत पडला तर ठीक. त्यामुळे तो फार लांब नेता येत नाही, आणि जवळ कारखाना एकच असेल तर भाव तोच ठरवतो. अनेक विक्रेते आणि एकच खरेदीदार असलेल्या अशा बाजाराचे विश्लेषण जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये मांडले. औद्योगिक संघटन ही अर्थशास्त्राची शाखा अशाच प्रश्नांवर उभी आहे: बाजारात कितीजण आहेत, नव्याला येऊ कोण देत नाही, कंपनीची हद्द कुठे संपते, आणि या सगळ्यातून भाव कसा निघतो?

शाखेचा उगम १८३८ पर्यंत मागे नेता येतो. फ्रान्सच्या कूर्नोने खनिज पाण्याचे दोन झरे दोन मालकांच्या हाती कल्पून स्पर्धेचे गणित मांडले. विसाव्या शतकात हार्वर्डचे एडवर्ड मेसन आणि त्यांचे शिष्य जो बेन यांनी बाजाराच्या रचनेवरून कंपन्यांचे वर्तन आणि त्यावरून परिणाम, असा सरळ दुवा जोडला. शिकागोच्या जॉर्ज स्टिगलर यांनी त्याला छेद दिला. पुढे ज्याँ तिरोल आदींनी डावपेचांचे गणित आणले. तिरोल यांना २०१४ चे नोबेल मिळाले. ऊसपट्ट्यासाठी मात्र मला दुसराच धागा मोलाचा वाटतो.

रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारले की बाजार एवढा कार्यक्षम असेल तर कंपन्या असतातच कशाला? ऑलिव्हर विल्यमसन यांचे उत्तर असे: एकाची गुंतवणूक दुसऱ्यावाचून निरुपयोगी ठरत असेल, तर व्यवहार झाल्यावर अडवणूक होते, ती टाळायला दोघे एका मालकीखाली येतात. नगर जिल्ह्यात हे दोन्ही बाजूंनी घडले. हरेगावच्या बेलापूर कंपनीसारख्या खासगी कारखान्यांनी खंडाने जमिनी घेऊन स्वतःचा ऊस पिकवला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या जमिनी गेल्या आणि शेती महामंडळाकडे आल्या. तोवर उलट वाटही निघाली होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, म्हणजे ऊसवालेच कारखान्याचे मालक झाले. अडवणुकीवरचा हा उपाय कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभला असता.

पण मालकी सगळ्यांची असली, तरी चावी कोणाकडे? अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज राय यांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांवर लिहिलेला निबंध याच प्रश्नावर आहे, आणि ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक संचालक मंडळाने तो वाचावा. कारखाना सर्व सभासदांना टनामागे एकच भाव देतो. सत्ता मोठ्या बागायतदारांकडे असेल, तर भाव कमी ठेवल्याने त्यांचेही नुकसान होते. पण मागे उरलेला पैसा कुठे जाईल हे तेच ठरवतात. लहान शेतकरी थोडे असतील तर या खेळात फारसे हाती लागत नाही. ते वाढतात तसा मोह वाढतो आणि भाव पडतो. ते इतके वाढले की मंडळच त्यांच्या हाती येते, तेव्हा भाव पुन्हा चढतो. आकडेवारीतही भावाची रेषा अशीच आधी खाली, मग वर जाते. म्हणजे मत असणे पुरेसे नाही, ते भारी पडायला हवे.

आणि मत हलके पडले तर सभासदाने ऊस दुसरीकडे नेला असता. इथे हवाई अंतराची अट आडवी येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ मध्ये दोन कारखान्यांत किमान पंधरा किलोमीटर अंतराची तरतूद आली. महाराष्ट्राने ते पंचवीस केले. शेजारी नवा कारखाना निघूच शकत नाही. नियम उद्योगाला आवरण्यासाठी येतात आणि बऱ्याचदा उद्योगाच्याच सोयीचे होतात, हे स्टिगलर यांनी १९७१ मध्ये मांडले होते. त्यातच अनेक आजारी सहकारी कारखाने खासगी हाती गेले. तिथल्या शेतकऱ्याचे मत गेले, पंचवीस किलोमीटर मात्र राहिले. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते. सहकाराने अडवणुकीवर जो उपाय काढला, तो काढून घेतला आणि अडवणुकीची सोय तेवढी जपली.

कारखानदारांचा आक्षेप पोकळ नाही. गाळप क्षमता निम्मी रिकामी राहिली तर कर्ज फिटत नाही, आणि शेवटी त्याची झळ ऊसबिलालाच लागते. पण त्यासाठी परिसर राखून ठेवण्याची गरज नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये ऊसक्षेत्र आरक्षण आणि अंतराची अट टप्प्याटप्प्याने काढून शेतकरी व कारखान्यांत दीर्घ मुदतीचे करार व्हावेत असे सुचवले. करारात तोडीची तारीख, वजनकाट्याची तपासणी आणि उशिरा तोडीची भरपाई लिहिली, तर कारखान्याला हमखास ऊस मिळेल आणि शेतकऱ्याला मुदत संपताच दुसऱ्या कारखान्याशी बोलता येईल. सुरुवात खासगी झालेल्या कारखान्यांच्या परिसरापासून करावी.