दुखऱ्या पोटात दुर्बीण

अचानक उठलेली पोटदुखी डॉक्टरांना चकवते. उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली दुखत असेल तर अपेंडिक्स सुजलेले असू शकते. रुग्ण तरुण स्त्री असेल तर बीजांडकोशाला पीळ पडलेला असू शकतो, गर्भनलिकेत रुजलेला गर्भ फुटून आत रक्त साचत असू शकते किंवा गर्भनलिकांना जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनने बरेच कळते, पण नेहमीच नाही. पूर्वी अशा पेचात पोट उघडणे हाच मार्ग उरे. उघडल्यावर अपेंडिक्स चांगले निघाले, तरी वीतभर छेदाच्या वेदना रुग्णाच्या वाट्याला यायच्याच.

लॅपरोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने, हा पेच बराच सोडवला. रुग्णाला भूल दिल्यावर बेंबीजवळ साधारण १ सेंटिमीटरचा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याचा दाब सहसा पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरइतका ठेवतात. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आतड्यांवर मोकळी जागा तयार होते. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून साध्या हवेऐवजी तोच वापरतात. मग कॅमेरा जोडलेली दुर्बीण आत जाते. यकृताखालच्या खोबणीपासून ओटीपोटापर्यंत पडद्यावर जे दिसते, ते उजव्या कुशीतल्या छोट्या छेदातून कधीच दिसले नसते.

या तंत्राचा उगमही पोटातल्या आणीबाणीशीच जोडलेला आहे. जर्मन सर्जन गेओर्ग केलिंग यांना हवेच्या दाबाने पोटातला रक्तस्राव थांबवायचा होता. दाबाचा आतल्या अवयवांवर काय परिणाम होतो ते पाहण्यासाठी त्यांनी मूत्राशय तपासण्याची दुर्बीण कुत्र्याच्या पोटात घातली आणि १९०१ मध्ये हॅम्बुर्गला तिचे प्रात्यक्षिक दाखवले. स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये कील येथे दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा जर्मन सर्जनांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया १९७२ पासूनच निदानासाठी लॅपरोस्कोपी करत होते. क्षयरोगाच्या देशात तिचे मोल मोठे. पोटाच्या आतल्या अस्तरावर राजगिऱ्यासारखे पांढरे दाणे दिसले की त्याचा तुकडा तपासणीला घेता येतो आणि मोठ्या ऑपरेशनऐवजी औषधे सुरू करता येतात.

निदान झाले की त्याच बैठकीत उपचारही होतात. आणखी दोन छोटी छिद्रे घेऊन अपेंडिक्स काढता येते. जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण फुटला असेल, तर सांडलेला पाचकरस सलाइनने धुऊन काढतात. मग पोटातल्या चरबीचा पदर, म्हणजे ओमेंटम, भोकावर टाक्यांनी बसवतात. सुजलेले पित्ताशय पहिल्या काही दिवसांत काढणे सोपे जाते. पुढे आजूबाजूचे भाग चिकटत जातात. सर्वांत समाधान देणारे काम मात्र पिळलेल्या बीजांडकोशाचे. तो काळानिळा दिसला की पूर्वी काढूनच टाकत. आता पीळ सोडवून तो जागच्या जागी ठेवण्याकडे कल आहे, कारण मेलेला वाटणारा बीजांडकोशही पुष्कळदा पुन्हा काम करू लागतो. वेळेत पोचलेल्या मुलीच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

दुर्बीण सर्वांसाठी नाही. रक्तस्रावाने रक्तदाब कोसळलेला असेल आणि तो सावरत नसेल, तर वायू भरत बसण्यात वेळ घालवणे धोक्याचे. तिथे पोट उघडणेच योग्य. आतडी फुग्यासारखी टरारलेली असतील तर आत जागा उरत नाही आणि अवजार लागून आतड्याला भोक पडू शकते. आधीच्या शस्त्रक्रियेने आतडी पोटाच्या भिंतीला चिकटली असतील, तर पहिले छिद्र घेणेच सर्वांत जोखमीचे. दुर्बिणीतून सुरू केलेले ऑपरेशन मध्येच उघडून पूर्ण करावे लागते, तेव्हा नातेवाइकांना काहीतरी बिघडले असे वाटते. खरे तर तो रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो, आणि ही शक्यता संमतीपत्रावर सही घेतानाच समजावून सांगायला हवी.

ऑपरेशननंतर बरेच रुग्ण खांदा दुखत असल्याचे सांगतात. वायूमुळे श्वासपटल डिवचले जाते. त्याची आणि खांद्याच्या त्वचेची संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांकडे पोचते, म्हणून पोटातली कळ खांद्यात जाणवते. उरलेला वायू शोषला गेला की एक-दोन दिवसांत ती सहसा थांबते.