तुर्कांचें मूळ घर

तुर्क हा शब्द ऐकतांच इस्तंबूलच्या मशिदींचे मिनार डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु आजच्या तुर्कस्तानांत तुर्क मोठ्या संख्येनें शिरले ते इ. स. १०७१ मधील मान्झिकर्टच्या लढाईनंतर. त्यापूर्वीं पांचशें वर्षें त्यांचें नांव फार दूर, चीनच्या उत्तरेस, अल्ताई पर्वत व ओर्खोन नदी यांच्या मुलखांत गाजूं लागलें होतें. हा मुलूख म्हणजे राष्ट्रांचा चव्हाटाच: दक्षिणेस चिनी, पूर्वेस मोंगोली कुळांतील भाषा बोलणाऱ्या टोळ्या, पश्चिमेकडून येणारे समरकंद-बुखाऱ्याचे सोग्द व्यापारी, ज्यांची भाषा इराणी.

अल्ताईंत अशिना नांवाचें घराणें रौरान राजांसाठीं लोखंड घडवीत असे. त्यांचा नायक बूमिन यानें रौरान राजकन्येस मागणी घातली, तेव्हां राजानें त्यास लोहार गुलाम म्हणून हिणविलें. बूमिननें इ. स. ५५२ मध्यें रौरानांचा पराभव केला व 'खागान' ही पदवी घेतली. ती पदवीही रौरानांचीच! अशिनांची उत्पत्ति लांडगिणीपासून झाली अशी कथा चिनी बखरींत आहे. परंतु सुई घराण्याच्या इतिहासांत त्यांचे पूर्वज मिश्र परकीय जमातींतले होते असेंही साफ लिहिलें आहे. लांडगिणीची कथा रम्य खरी, पण मला ही रूक्ष ओळच अधिक मोलाची वाटते.

कारण दगडांची साक्षही तीच आहे. तुर्क राज्याच्या अगदीं जुन्या लेखांपैकीं एक मंगोलियांत बुगुत येथें सांपडला. तो सहाव्या शतकाच्या अखेरचा. त्यांत तुर्की भाषा मुळींच नाहीं! तीन बाजूंस सोग्द भाषा, आणि चवथीस आपल्या बालबोधीची पूर्वज जी ब्राह्मी, तिचीं अक्षरें. त्यांतील भाषा मोंगोली कुळांतील असल्याचें अलीकडच्या संशोधकांचें मत आहे. राष्ट्र म्हणजे एक रक्त व एक भाषा, ही आपली समजूत येथें अडखळते.

तुर्की भाषेचे मोठे लेख मिळतात ते आठव्या शतकांतील. बिल्गे खागान यानें आपला भाऊ कुल तिगिन याच्या स्मरणार्थ ओर्खोनकाठीं इ. स. ७३२ मध्यें शिलास्तंभ उभारला. चिन्यांच्या गोड वाणीस व मऊ रेशमास भुलूं नका, असें तो त्यांत प्रजेस बजावतो. गंमत अशी कीं, या कामास त्यानें कारागीर चीनच्या बादशहाकडूनच मागविले, व स्तंभाच्या एका बाजूस त्या बादशहाचा चिनी लेख आहे! त्या चिनी लेखामुळेंच स्तंभ कोणाचा व कोणत्या सालचा तें कळलें. पुढें १८९३ सालीं डेन्मार्कचे पंडित व्हिल्हेल्म थॉमसन यांनीं तुर्की अक्षरांचें कोडें सोडविलें. आरंभीं उकललेल्या शब्दांत 'तेंग्री', म्हणजे आकाश, आणि 'तुर्क' हे दोन होते.